म्वारिंगाला स्वप्न पडत नाही

सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण किडुंडूनीच्या किनाऱ्यावर शहात्तर वर्षांचा म्वारिंगा थोया एका दुपारीत छत्तीसचा झाला. जेवायला बसला तेव्हा त्याचं डोकं कापसाच्या बोंडासारखं पांढरं होतं. ओहोटी लागून होड्या वाळूत टेकल्या तेव्हा ते कोळशासारखं काळं होतं. दाढी काळी, मिशी काळी, भुवया काळ्या, आणि डाव्या कानाची पाळीसुद्धा काळी, कारण सिदीचा ब्रश घसरला होता.

"हलू नका," सिदी म्हणाली. दात घासायच्या जुन्या ब्रशाने ती नवऱ्याच्या मानेवर कलप चोपडत होती. "डोळ्यात जाईल."

"जाऊ दे की. डोळेही काळे होतील. लाल डोळ्यांचा म्हातारा म्हणून बोट दाखवायला जागा उरणार नाही."

एरवी ती हसली असती. बावन्न वर्षं ती या माणसाच्या बोलण्यावर हसत आली होती, कधी मनापासून, कधी तो गप्प बसावा म्हणून. आज तिने नुसता ब्रश वाटीत बुडवला.

"उद्या त्यांना त्यांचं स्वप्न देऊन टाका."

"पडलं तर देईन ना."

"न पडताच द्या. आजवर तुमच्या तोंडून खरं काय निघालंय, की या एकाच बाबतीत सोवळं पाळायचंय?"

म्वारिंगाने मान आणखी खाली वाकवली. किडुंडूनीत म्हातारा केस काळे करतो तेव्हा तो मिरवत नसतो, लपत असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या साली खाडीपलीकडच्या न्झिंगोला त्याच्याच कसाव्याच्या शेतात तोडलं होतं. गुन्हा एवढाच, की डोकं पांढरं होतं आणि घरातलं एक पोर तापाने गेलं होतं. म्हातारा चेटूक करतो, पोरं खातो, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. जमीन मात्र आठवड्याभरात वाटून झाली. मयताला सगळं गाव होतं. ज्यांनी तोडलं तेही माती लोटायला आलेले असणार. म्वारिंगाने त्या दिवशी एकेका फावड्यामागचा हात निरखून पाहिला होता आणि त्याला एकही हात वेगळा दिसला नव्हता. त्याची झोप तेव्हापासून अर्धी झाली होती.

उरलेली अर्धी गेली ती तीन दिवसांपूर्वी. सकाळी माडी उतरवायला तो आपल्या ठेंगण्या माडावर चढला, तर शेंड्याला बांधलेल्या भोपळ्याच्या तोंडात कागदाची सुरळी खोचलेली. पेन्सिलीने लिहिलेली सुटी सुटी अक्षरं: पांढऱ्या डोक्याचा पोरं खातो. शुक्रवारी स्वप्न सांग. नाहीतर न्झिंगो.

कागदापेक्षा जागा वाईट होती. माडी काढणाऱ्याच्या माडावर परका माणूस पाय ठेवत नाही. ठेवला तर हातपाय वाळतात, असं सगळा किनारा मानतो. मुभा फक्त रक्ताच्या माणसांना. म्हणजे लिहिणारा त्याच्या मांडीवर कधीतरी मुतलेला होता.

तो झाडावरून उतरला तेव्हा भोपळा तसाच वर राहिला होता. सिदीने कागद चुलीत घातला आणि मोटारसायकलच्या बोडाबोडावाल्याकडून कलप मागवला.

पेच स्वप्नाचा होता. इथे होऊ घातलेल्या अणुवीज केंद्राला समुद्राचं पाणी लागतं, म्हणून सरकारी कचेरीने खाडीच्या तोंडापासून खडकांपर्यंतचा किनारा मागितला होता. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मधोमध थोया घराण्याचे विगांगो उभे होते: पुरुषभर उंचीचे, गोल डोक्याचे, अंगभर त्रिकोण कोरलेले अकरा लाकडी खांब, घरातल्या अकरा थोर मेलेल्यांचा एकेक. असा खांब एकदा रोवला की माणसाचा हात त्याला हलवत नाही. वाळवी खाईल, वारा पाडेल, ते त्यांचं ते. हलवायची वाट एकच. मेलेल्यांनी घरातल्या सगळ्यांत वडील पुरुषाच्या स्वप्नात यायचं, "आम्ही जातो" म्हणायचं, आणि त्याने ते उपाशीपोटी, खांबांच्या पायाशी माडी ओतून, सगळ्या भाऊबंदांसमोर सांगायचं. कचेरीलाही हे कुणीतरी नीट समजावलं होतं. त्यांच्या पिवळ्या अर्जावर नववा रकानाच होता: 'पूर्वजांची अनुमती: आहे / नाही.'

आणि पाच महिने म्वारिंगाला स्वप्न पडत नव्हतं.

पडत नव्हतं म्हणजे, हवं ते पडत नव्हतं. रोज सकाळी भाऊबंदांपैकी कुणी ना कुणी यायचं. "काका, पडलं का?" "पडलं की!" म्हणून म्वारिंगा माडीचा भोपळा पुढे सरकवायचा. "आजोबा आले होते. पण एकटे नाहीत. सोबत एक खेकडा, नाव बेर्नार्दो. पोर्तुगिजांच्या किल्ल्यात दीडशे वर्षं पहारेकरी होता, डावीकडचा तिसरा पाय लंगडा. थकलेल्या पगारासाठी भांडत होता." "आणि आजोबा काय म्हणाले?" "खेकडा बोलू देईल तर ना!" ऐकणारा कपाळाला हात लावून, पण हसत, परत जायचा. पावसाआधी हे चालून गेलं. मग कचेरीने सांगितलं, शुक्रवारपर्यंत सही नाही झाली तर प्रकल्प पश्चिमेला, मोठ्या तळ्याकडे नेऊ. तेव्हापासून कुणी हसत नव्हतं.

कलप वाळत होता तेवढ्यात कुंपणाशी बोडाबोडा थांबली आणि नैरोबीहून म्बेयू उतरली. त्याची धाकटी. देशाच्या वीज नियंत्रण कक्षात बसून कुठल्या केंद्राने किती शिजवायचं हे ठरवणारी, घराण्यातली पहिली इंजिनिअर.

"बाबा! डोक्याला काय झालं?"

सिदीचे डोळे नवऱ्याकडे गेले: पोरीला सांगायचं नाही. म्वारिंगाने घसा खाकरला.

"माकुलीने सूड घेतला गं. स्वातंत्र्याच्या साली मी एक माकूल मारून खाल्ली होती, आठवतं? तुला कुठून आठवणार. तिची बहीण, कामांगा नाव तिचं, साठ वर्षं खडकाच्या भोकात शाई साठवत बसली होती. रोज एक थेंब. आज सकाळी मी तोंड धुवायला वाकलो, तर म्हणाली, 'म्वारिंगा का?' मी म्हटलं, 'नाही, म्वारिंगा तो पलीकडचा.' तर म्हणते, 'खोटं बोलण्याची ढब तीच आहे!' आणि फर्रकन सगळी शाई डोक्यावर!"

म्बेयू पोट धरून हसली. मग तिने त्याच्या काळ्या कानाला हात लावला आणि हसता हसता थांबली. या घरातली पोरं लहानपणीच शिकली होती, की बाबांची गोष्ट जितकी लांब, तितका खाली खड्डा खोल.

कसाव्याचे तुकडे आणि नारळाच्या रसातला मासा पुढ्यात आल्यावर म्वारिंगाने विषय आपणच काढला. "मला एक सांग. ही अणूची वीज वाईट असते का?"

"वाईट नाही बाबा. धूर नाही, राख नाही. पण आपल्या घराला ती परात फार मोठी आहे."

"परात?"

"असं बघा. सगळा देश म्हणजे एक घर. संध्याकाळच्या जेवणाला चोवीस माणसं. पहाटे भूक असते निम्म्यांनाच. भांडी चुलीवर आधीच आहेत: दरीतल्या वाफेची, धरणांची, उत्तरेकडच्या पवनचक्क्यांची. पहाटे मी स्वतः फोन करून सांगते, वाफ आभाळात सोडा, चक्क्या थांबवा, खाणारं कुणी नाही. आता यांना आणायचीय एकच परात, दहा जणांची. तिचं जळण स्वस्त, जवळजवळ फुकटच. सगळा पैसा परात घडवण्यात. म्हणून ती दिवसरात्र भरलेली असली तरच परवडते. अर्धी रिकामी ठेवली तरी हप्ता तेवढाच."

"भाकड गाय," म्वारिंगा म्हणाला. "दूध देवो न देवो, चारा चालूच."

"तेच. आणि एवढं मोठं एकच भांडं कलंडलं तर? पापणी लवायच्या आत दहा जणांचं जेवण मातीत. तेवढंच दुसरं झाकून तयार ठेवावं लागतं, कायम, आणि त्याचाही खर्च. मागे एका केंद्रात एक माकड छपरावरून रोहित्रावर पडलं, तर सगळा देश अंधारात गेला होता."

"माकड?"

"माकड."

"सबंध देश?"

"सबंध देश. आणि माकड जिवंत राहिलं."

म्वारिंगाने समाधानाने मान डोलावली. "माझीच पोर आहेस तू."

"अहो बाबा, हे खरं आहे!"

"असंच म्हणायचं असतं," तो म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला घास गोड लागला.

तो गिळायच्या आत फोंडो आला. थोरल्या भावाचा मुलगा, मासळीचा व्यापारी. सायकलच्या मागे बर्फाची पेटी, झाकण उघडं, आत काही नाही. एरवी आल्या आल्या भोपळ्याला हात घालणारा हा पुतण्या आज दाराशीच उभा राहिला.

"बस रे," सिदी म्हणाली. "तुझी पोर कशी आहे?"

"तिसरा दिवस. ताप उतरत नाही."

तिसरा दिवस. कागदालाही आज तिसराच दिवस होता. म्वारिंगाने फोंडोच्या पावलांकडे पाहिलं. घोट्याच्या आतल्या बाजूला खरचटल्याच्या खुणा होत्या, माडाच्या सालीने खरचटतं तशा. पण मासळीवाल्याचे पाय कधी धड असतात? होडीच्या कडेनेही खरचटतं. पेटीनेही.

"तू शिकवतेस म्हणे काकांना," फोंडो म्हणाला. "काय परात नि काय भूक. मी बाहेर ऐकलं. गेल्या महिन्यात सात वेळा वीज गेली, म्बेयू. दोन पेट्या सुरमई मी खड्ड्यात पुरली. दवाखान्यात औषध थंड राहत नाही. आणि तू म्हणतेस वीज जास्त झालीय?"

"झालीय दादा. वळणावरचा खांब बघितलास? आंब्याच्या फांदीला दोरीने बांधलाय. वीज वर उतू जाते आणि तुझ्यापर्यंत येत नाही. विहिरीला पाणी आहे, पोहरा फुटका आहे. त्यावर नवी विहीर खणून काय होणार?"

"खणतील तेव्हा चार रस्ते होतील, दोन दवाखाने होतील! पोहरा शिवायला कोण येतं गं किडुंडूनीत? आजवर आलंय कुणी? हे पहिल्यांदा कुणीतरी आपल्या दारात आलंय. तू नैरोबीच्या दिव्याखाली बसून त्यांना हाकलतेस."

 त्याच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं, हे म्बेयूलाही कळत होतं.

फोंडोने सायकल वळवली. जाता जाता, काकांच्या डोक्याकडे न बघता, म्हणाला, "काका, उद्या शुक्रवार आहे."

सगळ्यांनाच ठाऊक होतं की उद्या शुक्रवार आहे. तरीही म्वारिंगाच्या हातातला घास ताटलीत पडला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत खांबांजवळच्या काजूखाली चटया पडल्या. घरातली सगळी माणसं आली, आणि कचेरीचा कारकून आला. इस्त्रीचा सदरा, काखेत पिवळा अर्ज, हातात शाईचा डबा. चटईवर बसताना त्याने बूट काढून नीट शेजारी ठेवले, तेवढ्यावरून म्हाताऱ्यांनी त्याला बरा ठरवला. म्वारिंगा टोपी कानापर्यंत ओढून बसला. समोरच्या प्रत्येक तोंडाकडे बघून तो मनात विचारत होता: तू? तू? की तू? आणि प्रत्येक तोंड त्याच्याकडे बघून, म्हाताऱ्या काकाकडे बघावं तसं, हसत होतं.

थोरल्या भावाची विधवा कबीबी काठी टेकत आली. फोंडोची आई. या घरात म्वारिंगाला तोंडावर बोलायचा हक्क तिचा, आणि साठ वर्षांत तिने तो एक दिवस वाया घालवला नव्हता.

"काय भावजी, कानाला तीट लावलीय? दृष्ट लागण्याइतकं रूप आलं की काय?"

चटईवर हशा पिकला. कबीबीने वाकून त्याच्या टोपीखाली पाहिलं, आणि तिचं स्वतःचं हसू अर्ध्यात राहिलं. ती आपल्या जागी जाऊन बसली.

पण म्बेयूने सगळ्यांना परात, चोवीस माणसं आणि माकड सांगून झाल्यावर ती बोलली, आणि सहीच्या बाजूने. "मेलेल्यांनी समुद्र किती दिवस बघायचा? तो तिसरा खांब माझ्या नवऱ्याचा. जिवंत होता तेव्हा एका जागी अर्धा तास बसत नव्हता. आता वीस वर्षं उभा करून ठेवलाय. हलवा त्याला, खूशच होईल. माझी नात तापाने फणफणलीय. नर्सबाई मेणबत्तीवर सुई शोधते. मला वीज पाहिजे. कशाची का असेना, माकडाच्या शेपटीची असली तरी चालेल."

"बरोबर!" चुलतभाऊ न्झाई म्हणाला.

"आणि एकदा केंद्र उभं राहिलं की साठ वर्षं वीज," कारकून म्हणाला. "जवळजवळ फुकट."

"फुकट काय, नुसतं जळण!" म्बेयू म्हणाली. "बांधायचा पैसा परदेशातून येणार. वीज विकली जावो न जावो, तो फेडावाच लागणार. कशातून? सगळ्यांच्या बिलातून. फोंडोदादाच्या बर्फाच्या बिलातून."

"हेही बरोबर!" न्झाई म्हणाला. घुगऱ्या कुठल्या पानात पडणार हे कळेपर्यंत तो दोन्हीकडे उदो उदो करायचा.

कारकून चिडला नाही. "बाई, तुम्ही हुशार आहात. पण परात घडवायला पंधरा वर्षं लागतात. आज चोवीस आहेत, तेव्हा पन्नास असतील. कारखाने येतील, गाड्या विजेवर पळतील. पाहुणे दारात आल्यावर बाजारात धावायचं का?"

"पन्नास झाले तर ती परात सोन्याची. मीच आणा म्हणेन. पण दहा वर्षांपूर्वीही पाहुणे येणारच होते, साहेब. आले नाहीत. त्यांच्यासाठी शिजवून ठेवलेल्याचे पैसे आपण अजून भरतोय. आणि तळ्याकडे नेऊ म्हणता, तर तिथल्या म्हाताऱ्यांनाही नववा रकाना दाखवाल ना?"

चटईवर कुजबुज झाली. दोघे तिघे म्बेयूच्या बाजूला सरकल्याचं म्वारिंगाला दिसलं. फोंडोच्या धाकट्या भावानेही मान हलवली. काल असं झालं असतं तर म्वारिंगा मनात नाचला असता. आज त्याला घाम फुटला. पोरगी जिंकत होती. ती जितकी जिंकेल तितका तो कागद खरा होत जाणार होता. आणि रविवारी ती नैरोबीच्या बसमध्ये बसली की सिदी, तो आणि कसाव्याचं शेत, एवढंच इथे उरणार होतं.

"बोलून काय उपयोग?" फोंडोचा आवाज चिरकला. "हो म्हणा, नाही म्हणा, सगळं काकांच्या उशीखाली अडकलंय. माझी पोर तापाने जाईल तोवर यांना खेकडेच दिसणार आहेत!"

तापाचं नाव निघताच सगळ्यांच्या नजरा म्वारिंगाकडे वळल्या, आणि त्यातल्या दोन-तीन वळल्या तशाच रोखून राहिल्या. न्झिंगोकडे बघताना त्या अशाच रोखल्या असतील. सिदी बायकांच्या चटईवर कमरेच्या लेसो कापडाचं टोक बोटाला गुंडाळत होती; सोडत होती; पुन्हा गुंडाळत होती.

"म्झे," कारकून आदराने म्हणाला, "तुम्हाला काही सांगायचंय?"

म्वारिंगा उठला. भोपळा घेऊन खांबांपाशी गेला. त्याने काय सांगायचं ते जमवून ठेवलं होतं, आणि मोठं झोकदार जमवलं होतं: आजोबा कासवांच्या जोडीवर पाय ठेवून येतात, मागे बाकीचे दहा जण ओळीने, आपापली गाठोडी घेऊन, थोरला भाऊ नेहमीप्रमाणे उशिरा, चप्पल शोधत, आणि देवमाशाशी भाड्यावरून घासाघीस. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि हसूही. त्याने माडी ओतली. वाळूने ती एका घोटात पिऊन टाकली. समोर अकरा लाकडी तोंडं उभी होती, वारा खाऊन नाक-डोळे झिजलेली. आयुष्यभर तो त्यांच्याबद्दल खोटं बोलला होता. त्यांच्या नावावर खोटं कधी बोलला नव्हता. कासवं गेली. देवमासा गेला.

"काल आजोबा आले," तो म्हणाला. "आम्ही जायला तयार आहोत, म्हणाले."

सगळे पुढच्या खेकड्याची वाट बघू लागले.

"एवढंच," म्वारिंगा म्हणाला.

चटयांवरून एकच लांब सुस्कारा गेला. न्झाईने "बरोबर!" म्हणून टाळी वाजवली. फोंडोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिदीने डोळे मिटले आणि लेसोचं टोक सोडून दिलं. फक्त म्बेयू उभी राहिली. "बाबा?" ती म्हणाली, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कारकुनाने शाईच्या डब्याचं झाकण उघडलं, नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. म्वारिंगाने अंगठा पुढे केला.

"थांबा हो साहेब." कबीबी काठीवर भार देऊन उठत होती. "भावजी, आजोबा आले ते कुठून आले?"

"तिकडून."

"तिकडून कुठून? समुद्राकडून की गावाकडून?"

"समुद्राकडून असेल."

"असेल? अंगावर काय होतं?"

"बघितलं नाही, वहिनी."

"सोबत कोण? कुत्रं, मांजर, खेकडा?"

"एकटेच होते."

"माझा नवरा?"

"नव्हता."

"बसले? माडी मागितली? तुमच्या आजोबांनी माडी न मागता पाठ फिरवली?"

"बोलले आणि गेले," म्वारिंगा म्हणाला. "सही होऊ दे ना, वहिनी. तुम्हालाच तर हवी होती."

"हवी होती. अजून हवी आहे." कबीबी चटयांच्या मधोमध येऊन उभी राहिली, आणि म्वारिंगाकडे पाठ करून तिने सगळ्या घराकडे तोंड केलं. "साठ वर्षं मी या माणसाच्या थापा ऐकतेय. याच्या थापेत मुंगीला नाव असतं, आणि मुंगीच्या सासूला माहेर असतं. हा खरं बोलला की चार फाटे फोडतो, खोटं बोलला की चाळीस. आणि आज आजोबा आले नि गेले? हे खोटं आहे. मला फायद्याचं आहे तरी सांगते, हे साफ खोटं आहे. कसलं स्वप्न नि काय! याची झोपच उडवलीय कुणीतरी. याला धड खोटंसुद्धा बोलता येऊ नये इतकं भिववलंय, डोकं काळं करायला लावलंय." तिची काठी वाळूत रुतली. "उद्या ते माझ्या पांढऱ्या डोक्याकडे येतील. कोणी केलं हे? फोंडो, हात काढ तोंडावरून. इकडे बघ, माझ्याकडे."